पुंजाजीचा मृदंग आणि माझा पाय

मला भजनात कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही. मी टाळ वाजवतो. केनवडच्या भजनी मंडळात टाळकरी पाच, आणि त्या पाचांत घाई करणारा कोण असं विचारलं तर गावातलं शेंबडं पोरही माझ्याकडे बोट दाखवील. जगदेव टाळ घेऊन बसला की भजन जेवणाच्या वेळेआधीच संपतं, असं रामराव म्हणतो. रामराव आमचा मुख्य गाणारा, वीणा त्याच्याच गळ्यात. त्याला बोलायला काय जातं? त्याला आयुष्यभर साथीला पुंजाजी मिळाला होता.

पुंजाजी गेला तो एकोणीसशे एकेचाळीस सालच्या माघात. ज्वारी खळ्यावर पडलेली होती. छातीत कफ भरला, तीन दिवस अंथरुणावर होता, चौथ्या दिवशी सकाळी गेला. चाळीस वर्षं गावाचा मृदंग वाजवणारा माणूस. त्याच्या मातीला रिसोडपासून माणसं आली. आणि मी मात्र रडायचं सोडून एकाच काळजीत होतो. पुंजाजीची एक गोष्ट जगात फक्त मला माहीत होती, आणि ती आता कुणाला कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ती गोष्ट अशी की शेवटची नऊ वर्षं पुंजाजीला त्याचा स्वतःचा मृदंग ऐकू येत नव्हता.

पण आधी माणूस कसा होता ते सांगतो, नाही तर त्या गोष्टीचं वजन कळायचं नाही. पुंजाजीची सात एकर काळी जमीन, एक बैलजोडी, आणि बोलणं इतकं कमी की लग्नात सोयऱ्यांना नवरदेव मुका आहे की काय अशी शंका आली होती. संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या, दुष्काळात एक बैरागी गावात आला आणि मारुतीच्या देवळात राहिला. पुंजाजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. त्याच्या आईनं त्या दुष्काळातही आपल्या भाकरीतली अर्धी भाकर बैराग्याला दिली, आणि बैराग्यानं तिच्या मुलाला मृदंग शिकवला. वर्षभरानं बैरागी निघून गेला, जाताना मृदंग देवळात ठेवून गेला. खैराच्या लाकडाचा, जड, एका बाजूनं थोडा तडकलेला. तोच पुंजाजीनं मरेपर्यंत वाजवला.

त्याचा हात काय होता हे मी लिहून सांगू शकत नाही. बाजारातून गाडी हाकत येताना तो फळीवर बोटं वाजवायचा आणि त्याचे बैल त्या ठेक्यात पाय टाकायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दुसऱ्या कुणी ती जोडी जुंपली की बैल दर दहा पावलांवर मागं वळून बघायचे. पण त्याची खरी कमाल वेगळीच होती. गाणारा चुकला तर पुंजाजी त्याला उघडं पाडत नसे. मृदंगवाले पुष्कळ पाहिले. गाणारा घसरला की हे मिशीत हसतात आणि समेवर अशी थाप मारतात की आंधळ्यालाही कळावं चूक कुणाची. पुंजाजी तसं कधीच करीत नसे. तो हळूच फेरा लांबवायचा, गाणाऱ्याला वाटेवर आणायचा, आणि लोक गाणाऱ्याची वाहवा करायचे. तेव्हा हा खाली मान घालून मृदंगाची दोरी नीट करत बसलेला असायचा.

बत्तीस सालच्या पावसाळ्यात गावात हिवताप आला. पुंजाजीला महिनाभर ताप होता. सरकारी दवाखान्यातल्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, गोळ्या त्यानं मूठमूठ खाल्ल्या. ताप उतरला, माणूस उठला, बायको मनकर्णाबाईनं मारुतीला नारळ फोडला. त्यानंतर त्याला थोडं कमी ऐकू येतं एवढं गावाला कळलं. पण पन्नाशीला कुणाला कमी ऐकू येत नाही? तो मुळातच कमी बोलणारा. आता फक्त तोंडाकडे बघून मान हलवायचा, आणि घरी कुणी काही विचारलं तर उत्तर मनकर्णाबाई द्यायच्या. त्यात नवीन काहीच नव्हतं.

खरा प्रकार मला त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, कळला. तो पाठमोरा उभा होता आणि सुटलेला गोऱ्हा घुंगरं वाजवत त्याच्यावर धावत येत होता. मी घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. पुंजाजी जागचा हलला नाही, वळूनही बघितलं नाही. शेवटी मीच धावत जाऊन त्याला ओढलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "जगदेव, काहून पळून राह्यला? काई झालं काय?"

मी काही झालं नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याच आठवड्यात एकादशीचं भजन होतं. माझी जागा त्याच्या डाव्या हाताला. रामरावनं अभंग धरला आणि पुंजाजीचा हात एका मात्रेनं उशिरा पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. माझा पाय तेव्हा ठेक्यावर हलत होता, कारण माझा पाय नेहमीच हलतो, आणि तो चुकून त्याच्या गुडघ्याला लागला. मी ओढून घेणार तोच त्याचा हात बरोबर समेवर पडला. मग मी पाय तिथंच ठेवला. त्या दिवसापासून नऊ वर्षं दर एकादशीला, दर सप्त्याला, माझ्या उजव्या पायाचा अंगठा पुंजाजीच्या गुडघ्याला टेकलेला असे, वरून धोतराचा सोगा पांघरलेला. आम्ही त्याविषयी एक शब्द कधी बोललो नाही. त्याला वाटत असेल जगदेवला बसायची रीत नाही, असं मी समजत होतो. मला मात्र वाटायचं की पुंजाजी माझ्या पायावर उभा आहे. कुणी वाहवा केली की मनातल्या मनात त्यातला चार आणे वाटा मी घेत असे. आता कबूल करायला काय हरकत आहे.

तर पुंजाजी गेल्यावर चौथ्या दिवशी आम्ही मंडळी त्याच्या ओसरीवर बसायला गेलो. रामराव, मी, आणि जवळच्या तांड्यावरचा दौलतसिंग. दौलतसिंग टाळ धरतो, मधून मधून गातोही, आणि पुंजाजीवर त्याचा फार जीव. मनकर्णाबाई आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मृदंग खुंटीला टांगलेला होता, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं.

मग दौलतसिंग म्हणाला, "मले त्यानं पडू नाही देलं, वैनी. रिसोडले रामनवमीले मी पहिल्यांदा उभा राह्यलो, तं दुसऱ्याच कडव्यात वाट चुकलो. पुंजाजीनं असा फेरा घेतला का लोकाइले वाटलं हे ठरवूनच केलं. अन् वाहवा आली माह्या वाट्याले." एवढं बोलून त्यानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

रामराव म्हणाला, "तीस वर्स गायलो त्याच्यासंगं. कधी म्हनला नाही का रामराव, तुह्यं चुकलं. आता कोनाच्या भरवशावर तोंड उघडू?" रामराव असं काही बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाटलाच्या घरातला माणूस, स्वतःची चूक कबूल करणं त्याच्या रक्तात नाही.

शेजारच्या गोजराबाई तेवढ्यात आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् कानाचा किती तिखट होता बाप्पा. तो रिसोडचा उकंडाजी म्हनलाच होता, पुंजाजीवानी कान साऱ्या मुलखात नाही."

मला जोराचा खोकला आला. म्हणजे मी आणला. नेमक्या त्याच वेळी रामरावनं पाणी मागितलं आणि दौलतसिंग बैल बघून येतो म्हणून उठला, जरी तो त्या दिवशी पायी आला होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी माझ्याच खोकल्यात गुंतलो होतो.

पण गोजराबाई बोलल्या ते खरं होतं. उकंडाजी रिसोडचा मृदंगी, तोंडाचा फटकळ, भर मंडपात चूक काढणारा. पाच वर्षांपूर्वीच्या रामनवमीला त्यानं सगळ्यांसमोर तसं म्हटलं होतं, आणि त्या एका वाक्यावर केनवड पाच वर्षं ताठ मानेनं चालत होतं. बाजारात आमची माणसं ते वाक्य मिठासारखं जेवणाजेवणाला वाढायची. आता उद्या कळलं की तो कान बंद होता, की मग काय राहिलं? केनवडचा मृदंग बहिरा वाजवत होता म्हणून हसतील. चाळीस वर्षांचं नाव एका थट्टेत जाईल. मेलेला माणूस उठून काही वाजवून दाखवू शकत नाही.

मनकर्णाबाई त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "तेरवीले भजन झालं पायजे. अन् मृदंग त्याइचाच वाजला पायजे."

वाजवणार कोण? गावात दुसरा कुणी नव्हता. रामराव म्हणाला, उकंडाजीला निरोप पाठवू. मला तो फटकळ माणूस नको होता, पण नाही म्हणायला कारण सुचेना.

तेरवीला अंगणात मांडव घातला होता. दुपार चढत होती, मागच्या अंगणात चुली पेटलेल्या, पंगतीआधी भजन व्हायचं होतं. सारं गाव जमलं होतं, रिसोडचीही दहा-वीस माणसं होती. उकंडाजी आला, मृदंगाला नमस्कार केला आणि मांडी घालून बसला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ताजी कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. मनकर्णाबाईंनी वाटीत कणीक भिजवून आणली. उकंडाजीनं ती थापली, थाप मारली, कान लावला आणि मान डोलावली.

"चिमूटभर काढा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

उकंडाजीनं वर पाहिलं. बाईमाणसानं त्याला मृदंग शिकवावा हे त्याच्या चेहऱ्याला पटलेलं दिसलं नाही. पण तेराव्याचा दिवस, बोलणार काय? त्यानं चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप मारली, आणि बराच वेळ त्या घुमत्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुसले.

आम्ही आपापल्या जागी बसलो. रामरावनं अभंग धरला. भजन सुरू झालं आणि पहिल्या कडव्याला उकंडाजीनं गुडघा आखडून घेतला. मी जरा सरकलो. दुसऱ्या कडव्याला त्यानं तो अजून आखडला आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी खाली बघितलं. माझा पाय माझ्या नकळत जाऊन त्याच्या गुडघ्यावर ठेका धरत होता. मी तो ओढून घेतला. चार मात्रांत तो पुन्हा तिथंच गेला. नऊ वर्षांची सवय, पायाला कोण सांगणार की माणूस बदलला?

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर उकंडाजीनं दोन्ही हात मृदंगावर दाबून धरले. भजन तुटलं.

"थांबा," तो म्हणाला. "मी बुवा रिसोडले पंचवीस वर्स वाजवून राह्यलो, पन असं मंडळ पाह्यलं नाही. हे भाऊ मले पायानं ढोसून राह्यले. हे समोरचे सिंग, दर समेले टाळ कपाळापर्यंत नेऊन मले दाखवून राह्यले. अन् रामरावजी, तुमी तं वीनाच माह्या तोंडात घालून राह्यले. कायले? मले काय आयकू येत नाही काय?"

मी दौलतसिंगाकडे पाहिलं. त्याचा टाळ अजून कपाळाशीच होता. मी रामरावकडे पाहिलं. तो वीणेचा दांडा उकंडाजीकडे वाकवून बसला होता, गाण्याची सुरुवात दाखवायला, जसा तो नऊ वर्षं पुंजाजीकडे वाकवत आला होता, आणि मी गाढव ती त्याची लकब समजत आलो होतो. ते दोघे माझ्या पायाकडे बघत होते.

म्हणजे तिघांनाही माहीत होतं. तिघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं. ओसरीवर पाणी मागणारा रामराव आणि नसलेले बैल बघायला उठलेला दौलतसिंग आता कुठं माझ्या डोक्यात शिरले.

आणि त्याच वेळी ते उकंडाजीच्याही डोक्यात शिरलं. तो माझ्या पायाकडून टाळाकडे, टाळाकडून वीणेकडे बघत गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुंजाजीले आयकू येत नव्हतं?"

मी म्हणालो, "माहा पाय सुन्न झाला होता, म्हून." माझा मलाच तो खोटेपणा ऐकवेना. रिसोडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. ज्यासाठी मी तेरा दिवस जीव टांगणीला लावला होता, ते माझ्याच अंगठ्यानं भर मांडवात उघडं केलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"नव्हतं येत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या दाराशी उभ्या होत्या, हातात कणकेची वाटी तशीच. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला.

"कोयनेलनं कान गेले. नऊ वर्स झाले. मृदंग घरी मी लावून देत होती. ते थाप मारत, मी आयके, अन् बोटानं सांगे, चिमूटभर काढा, चिमूटभर घाला. बाकीचं मंडळी पाहे. अन् मंडळी पाहते, हे त्याइले मालूम होतं."

"मालूम होतं?" रामरावच्या तोंडून निघालं.

"घरी आले का सारं सांगत. आज दौलतसिंगानं टाळ कपाळावर नेला, एखांद्या दिवशी डोकं फोडून घेईन. रामराव माह्यापायी वीना वाकवून धरते, बिचाऱ्याची मान दुखत असन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् जगदेवभाऊ, तुमचा पाय. म्हनत, त्याचा पाय सदा घाईत. मी त्याले अर्ध्यावर धरून ठेवतो, नाही तं सारं भजन पयत सुटन. मी म्हनलं, मंग सांगा त्याइले, हळू मारा म्हून. तं म्हने, नको. त्याले कळलं तं तो पाय जपून जपून मारीन. मंग त्याले काय आयकू येऊन राह्यलं, ते मले कसं समजन?"

मी पुंजाजीला सांभाळतो असं समजत होतो. नऊ वर्षं माझी घाई तो गुडघ्यावर झेलत होता आणि लोकांपर्यंत बरोबर ठेका पोहोचवत होता. गाणारे सांभाळले, तसा एक टाळकरीही सांभाळला, आणि तेही ऐकू येत नसताना. मी तिथं सगळ्यांसमोर रडलो. मला त्याची लाज वाटली नाही.

उकंडाजीनं मृदंगावरून हात काढले. मग त्यानं विचारलं, "मंग ती रामनवमी? मी आयकलं ते वाजवनं?"

"तवाही नव्हतं येत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी काय बोलले ते मी घरी येऊन सांगतलं. ते लय हासले."

उकंडाजीनं पागोटं काढून बाजूला ठेवलं. बोडक्या डोक्यानं मृदंगावर कपाळ टेकवलं आणि तसाच क्षणभर राहिला. रिसोडच्या माणसांकडे वळून तो म्हणाला, "म्या जे म्हनलं होतं ना, ते मी वापस घेत नाही. गावात जाऊन हेही सांगजा." मग त्यानं मांडी मोडून पुन्हा घातली, या वेळी गुडघा माझ्याकडे सरकवून.

"ठेवा पाय," तो म्हणाला.

माझा पाय उचलेना. त्यानं स्वतः हातानं धरून तो गुडघ्याला टेकवला. दौलतसिंगानं टाळ कपाळापर्यंत नेला, रामरावनं वीणा वाकवली, आणि तुटलेल्या कडव्यापासून आम्ही पुन्हा धरलं. मनकर्णाबाई वाटी घेऊन दाराशीच बसल्या. मी अंगठ्यानं एक एक मात्रा मोजून दिली, जणू गुडघा पुंजाजीचाच होता आणि या खेपेला तरी त्याला मला आवरावं लागू नये.

त्या दिवशी पंगत बसायला तासभर उशीर झाला. भात निवला, वाढपी कुरकुरले. मला मात्र कुणी काही बोललं नाही, रामरावसुद्धा नाही.